आईची झोप आणि माझी चित्रकला

आमच्या घरात दिवसा मोठ्याने बोलायचं नाही, हा नियम मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. मला कळायला लागलं तेव्हा तो घरात होताच. आई परळच्या एका प्रसूतिगृहात रात्रपाळीची आया होती. सकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्या अंगाला फिनेलचा आणि उकळलेल्या कपड्यांचा वास असायचा. आल्या आल्या मोरीत जाऊन अंघोळ करायची, आत्याने करून ठेवलेली पेज आणि भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा खायची, आणि बाबा गिरगावातल्या छापखान्यात आणि मी शाळेत गेले की चटई पसरून, भिंतीकडे तोंड करून झोपायची. दुपारी चारला नळाला पाणी यायचं, तोवर तिची रात्र. माझी शाळा सकाळची. जेवणाच्या वेळेला मी परत येत असे, म्हणजे तिच्या रात्रीच्या ऐन मध्यावर. दप्तर हळूच खाली ठेवायचं, चपला बाहेर हातात घेऊन मग आत यायचं, ताटात वाढलेलं जेवायचं, पाणीसुद्धा आवाज न करता प्यायचं. आत्या भांडी घासून फडक्यावर उपडी घालायची. स्टोव्हला पंप मारायचा असला तर तो उचलून गॅलरीत न्यायची. गॅलरीत खेळणारी पोरंही आमच्या दारावरून जाताना आपोआप हळू व्हायची, आणि दार ओलांडलं की पुन्हा बोंबलायला लागायची.

गंमत म्हणजे बाहेरच्या आवाजांनी आईला काही होत नसे. लालबागची आमची चाळ मसाल्याच्या गिरणीच्या डोक्यावरच होती म्हटलं तरी चालेल. सबंध दिवस खाली मसाला कुटायचे डंक चालायचे, जमीन बारीक हादरायची, मिरच्यांच्या खकाण्याने शेजारपाजारच्या बायका खोकून बेजार व्हायच्या. आई त्या सगळ्यात ढाराढूर झोपायची. पण घरातली कडी जरा वाजली की तिचे डोळे उघडत. आणि कडीपेक्षाही तिला वावडं होतं ते उजेडाचं. आमच्या खोलीला मागच्या बाजूला एकच खिडकी, लाकडी दोन फळ्यांची. सकाळी आई पेज प्यायला बसली की आत्या त्या फळ्या लावून घ्यायची, खिळा अडकवायची आणि वरून जुन्या गोधडीचा तुकडा सोडायची. मग खोलीत एवढा काळोख व्हायचा की मी जेवताना आमटी आणि सार वासावरून ओळखत असे.

आता मी त्याच जागी, पण एकोणिसाव्या मजल्यावर राहते. चाळ पाडून टॉवर उभा राहिला, त्यात आम्हाला खोली मिळाली. एक सबंध भिंतच काचेची आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मला पांढरं सगळं निळसर दिसतं आणि दुपारी तर डोळे उघडे ठेवणंही नको वाटतं. मुलीने जाड पडदे लावून दिलेत. ते ओढून मी पडते, पण झोप येत नाही. उजेड एवढा झाला आणि त्याचं काय करायचं ते मात्र या वयात उमगत नाही.

आठवीत असताना चित्रकलेच्या पहिल्या परीक्षेला बसणाऱ्या मुलींसाठी शाळेत जादा वर्ग सुरू झाला. एलिमेंटरी म्हणायचे तिला. मी नाव घातलं, पण चित्रकलेची काही मला मोठी ओढ होती असं आज म्हटलं तर ते खोटं होईल. तो वर्ग शाळेच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर भरायचा. तिथे तीन बाजूंना खिडक्या होत्या आणि रंग वाळेपर्यंत मुलींना मोकळेपणी बोलू देत असत. घरी जायला तेवढा उशीर. एवढ्यावर मी खूश होते. नाबर सर आम्हाला शिकवत. उंच, वाकलेले, सदऱ्याच्या बाहीवर नेहमी कसला ना कसला डाग. मी त्यांना कधी रागावलेलं पाहिलं नाही आणि फारसं हसतानाही नाही. कितीतरी वर्षं तेच तेच मडकं मुलींसमोर मांडून ते बहुधा कंटाळले असावेत. पण मडकं मात्र रोज नव्याने नीट मांडत. स्टुलावर जुनं कापड अंथरायचं, त्याला मुद्दाम घड्या पाडायच्या, त्यावर मडकं, मडक्याला टेकून एखादं वांगं. मग तिन्ही बाजूंच्या खिडक्या लावून घ्यायच्या आणि डावीकडची एकच उघडी ठेवायची. उजेड एकाच बाजूने आला पाहिजे, म्हणत. चारी बाजूंनी आला तर वस्तू सपाट होते, तिला पोट राहत नाही. आम्ही हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत मडक्याची उंची मोजायचो. ती खोड इतकी लागली की वर्गातल्या मुली रस्त्यातही एकमेकींना अंगठ्याने मोजायला लागल्या.

वस्तुचित्र मला जमायला लागलं. अडत होतं ते स्मरणचित्र. परीक्षेत एखादा प्रसंग देतात आणि तो आठवून काढायचा असतो, त्यात माणसं हवीत. आमच्या वर्गातल्या सगळ्या मुलींनी एकच प्रसंग पाठ करून ठेवला होता. विहीर, विहिरीला टेकलेलं माडाचं झाड, डोक्यावर दोन घागरी घेतलेली बाई, लांब एक झोपडी. कुठलाही विषय आला तरी त्यात थोडा फेरफार करून हेच बसवायचं. आधीच्या वर्षीच्या मुलींकडून आमच्याकडे आलेलं ते चित्र होतं. एका शनिवारी सरांनी सगळ्यांचे कागद गोळा केले, एकावर एक ठेवून पाहिले, आणि विचारलं की यातल्या कुणी विहिरीवरून पाणी आणलंय का. मी एकटीने हात वर केला, तोही मे महिन्यात गावी गेल्यावर एकदा कळशी ओढली होती म्हणून. सर खुर्चीत बसले. म्हणाले, मग नळ काढा, तो तरी रोज बघता. आणि ही माणसं कुठली, कपडे वाळत घालायचे चिमटे वाटतात. घरी जाऊन घरातली माणसं काढा. उभी राहत नसतील तर बसलेली काढा, बसत नसतील तर झोपलेली काढा, पण खरी काढा. प्रत्येक शनिवारी मला दाखवायची.

आमच्या घरात कुठलीही वस्तू एका जागी राहत नसे. आधी मी कळशी समोर ठेवून सराव करायला बसले होते, तर अर्ध्यात आत्या ती उचलून घेऊन गेली. टोमॅटो आणि कांदा मांडला तर मी पेन्सिलीला टोक करेपर्यंत टोमॅटो साराला गेला. आत्या बाबांची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन भावाकडे आली ती कायमची. घर तिच्या हातावर चालायचं, त्यामुळे तिच्या हाताआड येणारी गोष्ट टिकायची नाही. तिचंच चित्र काढायचं म्हटलं तर ती तांदूळ निवडताना सबंध डुलायची, आणि आपल्याकडे कुणी बघतंय हे कळलं की पडलेल्या दातांवर पदर धरायची. बाबा संध्याकाळी आले की अंगावर छापखान्याची शाई घेऊन दारात बसत आणि वर्तमानपत्र असं उघडत की माणूस दिसायचाच नाही. गॅलरीत बसून शेजाऱ्यांची चित्रं काढावीत तर वरून कुणाची तरी ओली चादर कागदावर ठिबकायची आणि खांद्यामागे चार डोकी जमायची. सबंध घरात न हलणारं माणूस एकच होतं. पण ते काळोखात होतं.

दुपारी जेवण झाल्यावर आत्या शेजारच्या काकूंबरोबर गॅलरीत कडधान्यं निवडत बसायची. खोलीत मी आणि झोपलेली आई. एका दुपारी मी गोधडीचा कोपरा वर केला, खिळा काढला आणि खिडकीची एक फळी बोटभर उघडून तिच्यात खोडरबराचा तुकडा घातला. उजेडाची एक पट्टी आली आणि आईच्या पाठीवर पडली. मी श्वास धरून बसले. ती हलली नाही. मग मी फळी अजून थोडी ढकलली. डाव्या बाजूने, एकाच बाजूने, सरांना हवा तसा उजेड. ब्लाउजच्या पाठीवरचा विटका रंग, सैल झालेला अंबाडा, टाचांच्या भेगा. या सगळ्याला आयुष्यात पहिल्यांदा मी इतका वेळ पाहत होते. आईकडे बघत राहायला आमच्याकडे कुणाला वेळ नव्हता. ती जागी असायची तेव्हा ती कामात आणि आम्ही घाईत.

बरेच दिवस मी पाठच काढत होते. सर म्हणाले, पाठ बरी आलीय, पण या बाईला तोंड नाही का? परीक्षेत सगळी माणसं पाठमोरी काढलीस तर तपासणाऱ्याला वाटेल, तुझ्यावर रागावून निघून चाललीत. मला ते फार विनोदी वाटलं आणि रात्रीच्या जेवणाला मी ते घरात सांगितलं. बाबा हसले. आत्याने, तोंड कसला बगूचा हा, असं काहीतरी म्हटलं. आई ड्युटीवर जायच्या घाईत होती, ती तोंडात पिना धरून अंबाडा घालत होती. सोमवारी मी शाळेतून आले आणि फळी उघडली तर आई या कुशीवर झोपली होती. तोंड खोलीकडे, म्हणजे माझ्याकडे. एक हात उशाला, दुसरा छातीपाशी, पदराची कड धरलेला. मला केवढा आनंद झाला. मला वाटलं, नशीब.

त्यानंतर ती रोज तशीच झोपायची. माझी चित्रं सुधारायला लागली. आधी सगळा चेहरा बटाट्यासारखा यायचा, मग गालाचं हाड कुठे वर येतं ते कळलं, मग डोळ्याखालची काळी जागा सावलीने काढायची की पेन्सिलीने घासून, हा प्रश्न पडायला लागला. आई हलत नसे. माशी बसली तरी नाही. वर्गातल्या मुली तक्रार करायच्या की आजी बोलते, भाऊ पळतो, आणि मी मोठ्या रुबाबात सांगायची की आमची आई अजिबात हलत नाही. त्याच सुमारास आत्याने एक गोष्ट टिपली होती. आई आता झोपायच्या आधी केस विंचरायची. निजायला जाताना कुणी वेणीफणी करतं काय, असं तिने एकदा सकाळी सगळ्यांसमोर विचारलं. आई म्हणाली, केसांत गुंता होतो. आत्या पुटपुटत राहिली. मला त्यात काहीच वाटलं नाही. केस नीट असले की काढायला सोपे, एवढंच माझ्या लक्षात आलं.

एका सकाळी आत्याने माझ्या दप्तरातले कागद पाहिले. तिचा चेहरा पार उतरला. तिच्या मते हे भलतंच होतं. झोपेत माणसाचा जीव बाहेर पडतो आणि उठायच्या वेळी परत येतो, त्या वेळी त्याला आपलं तोंड ओळखू यायला हवं, म्हणून झोपलेल्या माणसाच्या तोंडाला कधी रंग लावू नये, हे आम्हा सगळ्या मुलांना ठाऊक होतं. पण चित्राचं कुणी बोललं नव्हतं. आई नुकतीच ड्युटीवरून येऊन पेज पीत बसली होती. आत्याने तिच्यासमोर कागद धरला.

"निजलेल्या माणसाचा चित्र काढू नये गो," ती म्हणाली. "जीव भायर फिराक गेलेलो असता. परत इलो आणि दोन तोंडा दिसली तर खंयच्यात शिरतलो?"

आईने पेजेचा वाडगा खाली ठेवला आणि कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "बरा झाला वन्सं. दोन असली तर एकाक ड्युटीर धाडतंय, नि दुसऱ्याक निजवतंय."

आत्यालाही हसू आलं आणि विषय तिथे मिटला. आईने कागद मला परत दिला. त्या चित्रात हात अर्धाच झाला होता, तिथे तिने बोट ठेवलं आणि उचललं. इतकी वर्षं झाली, तिच्या विनोदाला आम्ही जे हसलो ते अजून माझ्या कानात आहे. ती थट्टा नव्हतीच खरं तर. दमलेल्या माणसाने मागितलेली ती गोष्ट होती, आणि कुणी देऊ शकणार नाही हे माहीत असल्यामुळे तिने ती हसत मागितली.

मग आई घरात विचित्र वागायला लागली. कप भरला तरी चहा ओततच राहायची. भाजीत मीठ दोनदा पडायचं, किंवा पडायचंच नाही. चार वाजता नळाच्या रांगेत उभी असताना हंड्यावर हात ठेवून पेंगायची आणि मागच्या बाईने हाक मारली की दचकायची. बाबा म्हणायचे, वय झालं. तिचं वय तेव्हा काही झालं नव्हतं. माझी मुलगी आज तिच्याहून मोठी आहे. आणि एका सकाळी आई नेहमीपेक्षा उशिरा घरी आली. पेज प्यायलीच नाही. बाबा निघायच्या तयारीत होते, त्यांना तिने दारातच सांगितलं. रात्री बाळांच्या खोलीत स्टुलावर बसल्या बसल्या तिचा डोळा लागला होता. एक बाळ रडत होतं आणि तिला ऐकू आलं नाही. सिस्टरने येऊन खांद्याला हलवलं. या खेपेला वर कळवत नाही, पुन्हा सापडलीस तर मात्र माझा इलाज नाही, असं म्हणाली. आई इतकी वर्षं बदली आया होती. त्या वर्षी तिला कायम करायचं चाललं होतं. एक तक्रार वर गेली असती तर पुन्हा पहिल्यापासून वाट बघायची, नाहीतर घरी बसायचं. बाबांच्या छापखान्याचं तेव्हा काही खरं नव्हतं, हे मलाही माहीत होतं.

दुपारी मी खिडकीची फळी उघडते हे एव्हाना घरात सगळ्यांना माहीत झालं होतं. बाबा खिडकीकडे बघत उभे राहिले. त्यांना माझी चित्रं आवडायची, त्यामुळे बोलायला त्यांना वेळ लागला. शेवटी म्हणाले की हे उजेडामुळे होतंय, उद्यापासून खिडकी बंद राहू दे. आत्या म्हणाली, उजेडामुळे नव्हे, चित्रामुळे. मी रडायच्या बेताला आले होते. परीक्षा पुढच्याच आठवड्यात होती आणि सरांनी माझं एक चित्र शाळेच्या प्रदर्शनासाठी निवडलं होतं, ते पुरं व्हायचं होतं. आईच मधे पडली. म्हणाली, मला उजेडाने काही होत नाही, मी पडले की मेलेच, कालच्या रात्री दोन बायका एकदम अडल्या म्हणून दमणूक झाली. परीक्षा होईपर्यंत खिडकी उघडी राहू दे. आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? माझ्याकडे पुरावा होता. इतक्या दुपारी मी तिच्यासमोर बसले होते आणि ती एकदाही हलली नव्हती.

त्या परीक्षेत मी पास झाले, सगळ्यात खालच्या श्रेणीत. ते सर्टिफिकेट पुढे घर बदलताना कुठेतरी गेलं. मी चित्रकार वगैरे काही झाले नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले आणि माझ्याही वाट्याला रात्रपाळ्या आल्या. तेव्हा मला कळलं, रात्रभर जागलेल्या अंगाने दुपारी डोळे मिटून आडवं होणं आणि तरीही झोपायचं नाही, हे काय असतं ते. एक दोनदा मी मुद्दाम करून पाहिलं. अंग आतून ओरडतं. पाच मिनिटं काढणं कठीण जातं. आज माझी नात काचेच्या पाटीवर चित्रं काढते आणि उजेड कुठल्या बाजूने हवा ते बोटाने ठरवते. बोट फिरवलं की सावली इकडची तिकडे. मी बघत राहते. तिला सांगावंसं वाटतं, पण कुठून सुरुवात करायची इथेच मी थकते.

परीक्षेच्या आधीचा शेवटचा शनिवार. सरांनी प्रदर्शनाची चित्रं निवडायला प्रत्येकीला आपापले सगळे कागद आणायला सांगितले होते. माझे त्यांनी लांब बाकावर ओळीने मांडले. पाठमोरे आधी, मग तोंड असलेले, अर्धे, पुरे, खोडलेले. आईची एवढी चित्रं मीही कधी एकत्र पाहिली नव्हती. सर बाकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले, आणि मला जवळ बोलावलं. ही कोण, विचारलं. मी आई म्हटलं. काय करते, विचारलं. मी सांगितलं. कधी काढलीस, विचारलं. दुपारी, झोपलेली असताना, मी म्हणाले.

सरांनी एका चित्रातल्या हाताशेजारी आपला अंगठा ठेवला. मग पुढच्या चित्रातल्या. मग त्याच्या पुढच्या.

"झोपलेल्या माणसाचा हात असा राहत नाही," ते म्हणाले. "पदराची कड बघ, अंगठ्याने दाबून धरलीय. सगळ्या चित्रांत धरलीय. झोप लागली की पहिली बोटं सुटतात."

मला वाटलं, माझं काढणं चुकलं. मी म्हणाले, उद्या खोडून नीट करते.

"खोडू नकोस. तू दिसलं तसंच काढलंयस, बरोबर काढलंयस." त्यांनी कागद गोळा करून माझ्या हातात दिले. "आई जागी आहे तुझी."

आणि ते पुढच्या मुलीच्या मडक्याकडे वळले. तिच्या मडक्याचा काठ वाकडा झाला होता, तो कसा सरळ करायचा ते त्याच आवाजात सांगायला लागले. जाता जाता मला एवढंच म्हणाले की चित्र चांगलं आहे, हाताची सावली तेवढी पुरी कर.

मी जिने उतरले. खाली रस्त्यात डंकांचा आवाज नेहमीसारखा चालला होता आणि मिरच्यांनी डोळे चुरचुरत होते, म्हणून मी मधे थांबून डोळे पुसले तरी कुणी पाहिलं नाही. मला आधी रागच आला. मला फसवलं असं वाटलं. मी जिला बघत होते ती मिटल्या डोळ्यांनी मला ऐकत होती. माझी पेन्सिल, माझं खोडणं, माझं नाक ओढणं, सगळं. मग तो राग कुठल्या कुठे गेला. भिंतीकडचं तोंड खोलीकडे कधी झालं ते आठवलं. केस आठवले. नळावरचा हंडा आठवला. ते रडणारं बाळ, जे मी पाहिलंही नव्हतं, ते आठवलं. एवढ्या सगळ्यातून एकदा जरी तिने म्हटलं असतं, मला झोपू दे गं, तर मी खिडकी लावली असती. पण म्हणणार कशी? मी तिच्याकडे कधी नव्हे ते इतका वेळ बघत होते. आज या वयात मला असंही वाटतं की तिला ते आवडत असेल. कुणीतरी आपल्याकडे, हातात काम न देता, नुसतं बघत बसलंय हे. कुणास ठाऊक. विचारायचं राहून गेलं.

घरी आले तेव्हा आत्या गॅलरीत सूप घेऊन बसली होती. मी चपला हातात घेतल्या आणि आत गेले. खिडकीची फळी आधीच उघडी होती. खोडरबर तर माझ्या दप्तरात होतं, म्हणून मी वाकून पाहिलं. फटीत लाकडी चिमटा घातलेला होता, नीट, मी घालत असे तेवढ्याच रुंदीवर. गोधडी एका बाजूला सारलेली. आई या कुशीवर, केस चापून विंचरलेले, एक हात उशाला. उजेड तिच्या गालावर आणि दुसऱ्या हातावर पडला होता. पदराची कड अंगठ्याखाली होती. दाबल्यामुळे नखाचं टोक पांढरं झालं होतं. इतक्या दिवसांत ते मी दर खेपेला काढलं होतं आणि एकदाही पाहिलं नव्हतं.

मी दप्तर ठेवलं. कागद काढला नाही. खिडकीपाशी जाऊन चिमटा काढला, फळी लावली, खिळा अडकवला आणि गोधडी खाली सोडली. खोलीत काळोख झाला. कडी वाजू न देता हे सगळं मला जमायचं.

"काय गं?" आई म्हणाली. आवाज पूर्ण जागा होता, झोपेतला नव्हता. "हात राहिलाय ना अजून?"

"नाही," मी म्हणाले. "झाला हात."

"सरांनी बघितला?"

"बघितला. बरोबर आलाय म्हणाले."

चटई करकरली. काळोखाला डोळे सरावल्यावर मला दिसलं, तिने कूस बदलली होती आणि तोंड भिंतीकडे केलं होतं, पूर्वी झोपायची तसं. खाली डंक चालू होते. तिचा हात मला दिसत नव्हता, त्यामुळे बोटं कधी सुटली ते कळलं नाही. मी कोरा कागद मांडीवर घेऊन बसले. पायाला मुंग्या आल्या, नाकाशी माशी आली, गॅलरीतून आत्याने हळूच हाक मारली. चारला नळाला पाणी येईपर्यंत मी हलले नाही.